वेलांटी कोण खातं?

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर रोजचे कापसाचे भाव टाकतो. व्हॉट्सॲपवर आलेली ओळ अशी असते : «आर्वी – कापूस – लांब धागा». पहिल्या डॅशपर्यंतचं गावाचं नाव तेवढं हवं. पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) एसटीआरपॉसनं डॅशची जागा काढतो, सबएसटीआरनं कापतो आणि शेवटी आरट्रिमला मोकळी जागा व डॅश देऊन शेपूट साफ करतो. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट नीट येतात. आर्वी, आष्टी, देवळीच्या शेवटी मात्र प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. काही ओळी तर कोऱ्याच. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही.
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : फॉन्टचा यात काही संबंध नाही. बिघडलेली तिन्ही गावं दीर्घ वेलांटीवर संपतात, हे बघा. आरट्रिमचा दुसरा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली दुसरी गोष्ट) म्हणजे शेवटून काढायच्या बाइटांची यादी; अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत लांब डॅश तीन बाइटांचा (आकडे षोडशमान पद्धतीचे) : ई२ ८० ९३. दीर्घ वेलांटी : ई० ए५ ८०. तुम्ही डॅश दिला की यादीत ८० आपोआप आला आणि वेलांटीचा शेवटचा बाइट गेला. उरलेल्या दोन बाइटांचं अक्षर होत नाही, म्हणून चौकोन. «वर्धा»तला काना बीई वर संपतो, तो वाचतो. अशी तुटकी एक ओळ जरी जेसन_एन्कोडमध्ये (माहिती जेसन स्वरूपात बदलणारं फंक्शन) गेली, तरी सगळं उत्तर फॉल्स, म्हणजे «नाही», होतं आणि पानावरचा अख्खा तक्ता गायब.

कोऱ्या ओळींचं कारण वेगळं. तिथं पाठवणाऱ्यानं साधा हायफन टाकलेला असणार. लांब डॅश सापडला नाही की एसटीआरपॉस फॉल्स देतं, सबएसटीआर त्याला लांबी ० समजतं, हाती रिकामा मजकूर.

तिन्ही फंक्शनं काढा, प्रेग_स्प्लिट वापरा; ते दिलेल्या पॅटर्नशी (शोधायच्या साच्याशी) जुळेल तिथं ओळ तोडतं. पॅटर्नमध्ये एक किंवा अधिक मोकळ्या जागा, मग चौकटी कंसात हायफन, लांब डॅश, अतिलांब डॅश, मग पुन्हा मोकळ्या जागा. कंसात हायफन पहिला ठेवा, मध्ये आला तर तो «पासून-पर्यंत» असा अर्थ घेतो. पॅटर्नच्या शेवटी यू मॉडिफायर (मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगणारं u हे अक्षर) हवाच, नाहीतर कंसातला डॅश पुन्हा सुट्या बाइटांत फुटेल, पॅटर्न लांब डॅशशी जुळणारच नाही आणि ओळ न तुटता पूर्ण परत येईल. लिमिट २ द्या, मिळालेल्या ॲरेतला (तुकड्यांच्या यादीतला) ० क्रमांकाचा, म्हणजे पहिला, तुकडा घ्या, त्यावर साधं ट्रिम चालवा, दुसरा आर्ग्युमेंट न देता. डॅश नसला तर पूर्ण ओळच परत येते, कोरी नाही.

दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा सक्तीच्या कशाला? कुणी «नांदगाव-खंडेश्वर» असं जोडून लिहिलं तर गाव मधूनच तुटू नये म्हणून. पण पाठवणारे जागा न सोडता डॅश टाकत असतील तर हा पॅटर्न लागू पडणार नाही. त्यांना एकच साचा ठरवून द्या, ते सोपं.

पीएचपी ८.४ मध्ये एमबी_आरट्रिम आलं आहे, ते अक्षरं पाहून कापतं. स्वस्त होस्टिंगवर आधी आवृत्ती तपासा.

हेच काम पुढे ब्राउझरमध्ये करणार असाल तर जावास्क्रिप्टची खोड वेगळी. तिथं जागा शोधणारं इंडेक्सऑफ डॅश न सापडल्यास -१ देतं आणि कापणारं स्लाइस त्याचा अर्थ «शेवटचं एक सोडून» असा लावतं. डॅश नसलेल्या ओळीत नुसतं «पुलगाव» असेल तर «पुलगा» उरतं, चौकोनही दिसत नाही, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. आणि तिथल्या स्प्लिटला लिमिट २ दिलं तर तिसरा तुकडा फेकला जातो; पीएचपीत मात्र उरलेलं सगळं दुसऱ्या तुकड्यात राहतं. «लांब धागा» हवा असेल तर लिमिट देऊ नका.