युनियन काढताय? मग आधी हे वाच

अरे, तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोपच लागेना. काकू म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही, चाकणचं आपलं पोरगं युनियन काढतंय. तर ती म्हणाली, "त्याला आधी विचार घरात अजून कोण कमावतं." तिला विचारायचा हक्क आहे बाबा, माझी केस सात वर्षं चालली तेव्हा घर तिच्या पोळीभाजीच्या डब्यांवर चाललं होतं. तेव्हा आधी ते कळव.

दुसरं, तो व्हॉट्सॲप ग्रुप. सत्तावन्न मेंबर आणि डीपीला वळलेली मूठ! एकदम बंद करू नकोस, त्यानी अजून संशय येईल, पण आता त्यात फक्त क्रिकेट आणि वाढदिवस चालू दे. स्क्रीनशॉट एचआरकडे जायला किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आमच्या वेळी स्क्रीनशॉट नव्हते पण कार्बन कॉपी होती. १९९४ ची गोष्ट, भोसरीतली कंपनी, नाव नको घ्यायला. नोंदणीच्या अर्जासोबतची नावांची यादी जरा नीट दिसावी म्हणून आम्ही शहाण्यांनी टायपिंग क्लासमध्ये टाइप करायला दिली, आणि तिथला पोरगा निघाला आमच्या पर्सोनेलच्या क्लार्कचा मेहुणा. अर्ज रजिस्ट्रारकडे जायच्या आधीच यादी मॅनेजरच्या टेबलावर. सोमवारी फर्स्ट शिफ्टला वॉचमननी आम्हा पाच जणांना गेटवरच बाजूला काढलं, "साहेब म्हणालेत आत सोडू नको". बोलताना वर बघत नव्हता बिचारा, आदल्याच आठवड्यात माझ्या डब्यातलं पिठलं खाल्लं होतं त्यानी.

म्हणून सांगतो, युनियन काढायचं ठरलं त्या दिवसापासून नोंदणीचा दाखला हातात पडेपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट, कारण मालकाला कळलेलं असतं आणि तुमच्याकडे अजून कागद नसतो. अर्जावर सात सह्या लागतात हे तू वाचलंस ते बरोबर, पण एकूण कामगारांचे १० टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी तेवढे मेंबर पण लागतात. तुमच्याकडे सहाशे म्हणालास म्हणजे साठ. पण मी म्हणेन शंभराच्या वर गेल्याशिवाय अर्ज करूच नका, दहावीस जण तर पहिल्या नोटिशीलाच गळतात, आणि त्यांच्यावर रागवायचं पण नाही, कुणाचं होमलोन असतं, कुणाची बायको बाळंतपणाला आलेली असते.

आणि नोंदणीच्या कागदानी जे संरक्षण मिळतं ना, ते काही आभाळातून पडलेलं नाही. मद्रासला १९१८ मध्ये बकिंगहॅम-कर्नाटिक मिलच्या कामगारांची युनियन झाली, बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष. पुढे वाद पेटला तेव्हा कंपनी सरळ हायकोर्टात गेली, आमच्या कामगारांना फितवून करार मोडायला लावला म्हणून वाडियांवरच नुकसानभरपाईचा दावा, वर मनाई हुकूम. शेवटी त्यांना त्या युनियनमधून बाजूला व्हावं लागलं. ते बघून आपले कामगार पुढारी ना. म. जोशी, त्यांनी १९२१ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीत ठराव आणला की युनियनला कायद्याचं कवच द्या, आणि कायदा व्हायला १९२६ उजाडलं. लोअर परळला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ना तेच हे जोशी. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यावर कायदेशीर कामासाठी कटाचा गुन्हा किंवा असला दावा लावता येत नाही ते तेव्हापासून. १९२६ चा कायदा आता गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा कोड, म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, लागू झाला, पण हे कवच त्यातही ठेवलंय.

बाकी नव्या कोडमध्ये खाचखळगे बरेच आहेत. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय आता कुठल्याच कारखान्यात संप करता येत नाही, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल टाकली तर तोही संपच धरतात, म्हणजे तू जो "सगळे मिळून सुट्टी मारू" म्हणत होतास ना, ते डोक्यातून काढ. एकापेक्षा जास्त युनियन असल्या तर मस्टरवरच्या ५१ टक्के लोकांचा पाठिंबा जिला, तीच कंपनीशी बोलणार. हा नंबराचा खेळ हलक्यात घेऊ नकोस. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, लोक म्हणतात पगार-बोनससाठी, ते होतंच, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानी एकाच युनियनला मान्यता होती आणि कामगारांना ती नको होती, हे पण होतं. आमच्या वतीनं कोण बोलणार ते आम्ही ठरवू, एवढं साधं. तेही मिळालं नाही आणि गिरण्याही गेल्या.

आता कंपनी काय करेल ते ऐक. आधी तुला बढती देतील. हसू नकोस, टीम लीडर करतील, पगार वाढवतील, आणि काम सुपरवायझरचं अन पगार १८,००० च्या वर असला की कायद्याच्या भाषेत तू कामगारच उरत नाहीस. म्हणून बढतीच्या पत्रात काम काय लिहिलंय ते वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. बढतीला फसला नाहीस तर मग चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र. ती घ्यायची, नाकारायची नाही, आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, "फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही", खाली तारीख आणि वेळ. कोऱ्या कागदावर सही अजिबात नाही, केबिनमध्ये तीन तास बसवून ठेवलं तरी नाही. मी केली होती एकदा, तीच पुढे माझा राजीनामा म्हणून कोर्टात आली! सस्पेंड केलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि त्यानंतर पाऊण मिळायला पाहिजे, तो सोडू नकोस.

मला वाचवलं कशानी सांगू, वर्गणीच्या पावतीपुस्तकानी. राजीनाम्यावर जी तारीख टाकली होती त्यानंतरच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये मी अकरा जणांच्या पावत्या फाडल्या होत्या, पाच पाच रुपयांच्या, आणि त्यातले दोघे कोर्टात उभे राहिले की हो, हा माणूस तेव्हा कामावर होता. मॅनेजरच्या वकिलानी तो तेलकट डाग पडलेला स्थळप्रतींचा गठ्ठा असा चिमटीत धरला होता, अजून आठवतं.

कंत्राटी पोरांचं तू काहीच लिहिलं नाहीस. लाइन तेच चालवतात ना? मग परमनंटवाले त्यांना चहाला पण विचारत नसतील तर तुमची युनियन कंपनी एका दुपारी मोडेल. नोंदणीत त्यांचं गणित कसं बसवायचं ते वकिलाला विचार, पण चहा उद्यापासूनच चालू कर.

रविवारी घरी ये, अपॉइंटमेंट लेटर आणि सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन. माझ्याकडे एक कोरं पावतीपुस्तक पडलंय ते देतो. आणि हो, काकूच्या प्रश्नाचं उत्तर तिलाच दे, मला नको.

तुझा,
काका