ताईला विचारा : नातू गप्प, मोबाईल चालू

(नागपुरात अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या ताई लहान मुलांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार.)

प्रश्न : माझा नातू २२ महिन्यांचा आहे. 'आई', 'बाबा', 'भू' आणि 'दे' एवढेच शब्द बोलतो. मुलगा-सून दोघंही मिहानमध्ये नोकरीला, साडेआठला निघतात ते सातला येतात. दिवसभर तो आम्हा दोघांजवळ. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. आमची सौ. म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. सून म्हणते, तुमच्या मोबाईलनेच हे झालं. रोज घरात धुसफूस. खरं कोणाचं?
– एक आजोबा, महाल

काका, खरं कोणाचं ते मागून ठरवू. आधी नातवाचे कान तपासून घ्या. दार वाजलं की वळून बघतो, तेवढ्यावर जाऊ नका. ढोलताशा ऐकू येतो पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, अशीही मुलं असतात. सारखी सर्दी होऊन कानात पाणी साचलं तरी तसं होतं. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा, नाहीतर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन कुठेही करा, पण करा.

तोवर घरी काही गोष्टी बघा. नावाने हाक मारली की वळतो का? नुसतं मागायलाच नाही, तर 'ते बघा आजोबा' अशा अर्थाने बोट करून तुम्हाला काही दाखवतो का? हातवारे न करता 'चप्पल आण' म्हटलं तर आणतो का? तुमच्या डोळ्यांत बघून हसतो का? हे सगळं असेल तर जीव थोडा भांड्यात पडू द्या. यातलं काही नसेल, किंवा आधी बोलत होता ते शब्द बंद झाले असतील, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. साधारण १६ महिन्यांपर्यंत सुटे शब्द आणि २ वर्षांपर्यंत 'दूध दे', 'बाबा ये' अशी स्वतः जुळवलेली जोडी, असा डॉक्टरांचा अंदाज असतो. तुमच्या नातवाकडे दोन महिने आहेत. घाबरायचं कारण नाही, पण वाट बघत बसायचंही नाही.

आणि जवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घाला. पक्क्या घरातल्या लोकांना हे कमीपणाचं वाटतं, मला आयुष्यभर दिसलं. १९७५ पासून चालू असलेली ही योजना काही फक्त खिचडीपुरती नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना तपासायला येतं, आणि बोलण्यात, ऐकण्यात, चालण्यात काही मागे वाटलं तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथल्या उपचारांचे पैसे पडत नाहीत.

काकूंचं म्हणणं अगदीच चूक नाही. उशिरा बोलणं काही घराण्यांत असतं. पण याचा बाप लहान होता तेव्हा वाड्यात माणसं किती होती, ते काकूंनाच विचारा. दिवसभर कोणी ना कोणी त्याच्याशी बोलतच असणार. आता घरात तुम्ही दोघं आणि तो मोबाईल.

सुनेचं म्हणणंही अर्धंच खरं. मोबाईलमुळेच बोलणं अडलं, असं तुमच्या पत्रावरून मी सांगू शकत नाही. पण लेकराने 'बा' केलं तरी पडद्यावरचं अस्वल थांबत नाही, ते आपलं नाचतच राहतं. बोलणं तर समोरचा थांबून उत्तर देतो त्यातून येतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं की २ वर्षांच्या आत असं पडद्यासमोर बसवणं नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला १ तासाच्या वर नको, त्याहून कमी असेल तर बरंच.

मोबाईल काढायचा कसा? दिवसातलं एक जेवण धरा, ज्या वेळी त्याला सणकून भूक लागते ते. फोन दुसऱ्या खोलीत, म्हणजे तुमचाही. त्याला खाली बसवा, लहान ताटलीत कालवलेला वरणभात द्या आणि त्याच्या हाताने खाऊ द्या. अर्धा भात फरशीवर जाईल, कानातही जाईल. मागे घास घेऊन धावू नका, तोंडात कोंबू तर मुळीच नका. पहिले काही दिवस रडेल, थाळी उलटवेल. भूक लागलेलं निरोगी लेकरू फार दिवस संप करत नाही. ते जेवण बसलं की दुसरं धरा. वजन कमी होतंय असं वाटलं तर अंगणवाडीत काटा आहेच.

आता बोलण्याचं. त्यासाठी वेगळा वर्ग नको, तक्ते नकोत. काकू सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला बसल्या की त्याला समोर बसवा. 'हे बघ सांबार. घे, वास घे. देठ इकडे टाक.' एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. मनात हळूहळू पाचपर्यंत मोजायचं. आपल्या पिढीला नेमकं हेच जमत नाही, प्रश्नही आपण विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. तो 'बा' म्हणाला तर, 'हो, सांबार! हिरवं हिरवं सांबार' म्हणा. 'म्हण सांबार, म्हण ना' असा तगादा लावू नका. पाहुण्यांसमोर तर नकोच.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी माळ्यावर असेल ना? खाली काढा. घरभर दोरीने ओढू द्या. 'चल', 'थांब', 'पडला', 'अजून' हे शब्द त्या एका नंदीच्या मागे पळता पळता येतात. नागपूरच्या घराघरांत असं खेळणं असतं आणि आपण ते वर्षातून एक दिवस वापरतो, मग पुन्हा कापडात गुंडाळून ठेवतो.

घरात मराठी, खाली खेळायला हिंदी, त्याने गोंधळतो म्हणाल तर तसं नसतं. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.

राहिली धुसफूस. सून सातला दारात आली की दिवसभराची फिर्याद तिच्यापुढे मांडू नका. चहा आयता द्या आणि पुढचा अर्धा तास ती आणि लेकरू, मध्ये कोणी नाही. तेवढ्या वेळात कुकर तुमचा मुलगा लावेल. नातवासाठी कोणतं खेळणं आणू, कोणता क्लास लावू असं लोक मला विचारतात. मी उलट विचारते, त्याच्या आईला दिवसात निवांत किती वेळ मिळतो? दमलेल्या माणसाकडून लेकराशी गप्पा होत नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची आहे. बायको मधूनच रडते, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही. 'मला हे जमत नाही' म्हणते. आई म्हणते, बाळंतपण काय जगात हिलाच आलं? मी काय करू?
– नाव नको, बेसा

भाऊ, तुम्ही लिहिलं हे फार बरं केलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणं बऱ्याच जणींना होतं, आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. चार महिन्यांनंतरचं हे तसलं नाही. हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. तिला स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, म्हणजे सोबत जा, नुसती अपॉइंटमेंट काढून देऊ नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगा. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतील. आज रात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तिला सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का, बाळाला काही करावंसं वाटतं का? विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रात्री बाळ उठलं की तिच्याजवळ आणून देणं, पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, हे तुमचं काम. बाळ बघायला येणाऱ्यांना महिनाभर तुम्हीच नाही म्हणा. आईंना सांगा की ताईंनी मालिशवालीचं आणि स्वयंपाकाचं तुमच्यावर सोपवलंय. कामाची माणसं असतात त्या, टोमण्यांपेक्षा काम दिलं की बऱ्या राहतात.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या मुलाला वॉकर घ्यावा का?
– एक आई, सक्करदरा

नको. त्याने लवकर चालत नाहीत आणि जिन्यावरून पडतात. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. सतरंजी टाका आणि सोडून द्या, दिवाणाला धरून उभा राहील. १८ महिने झाले तरी चालत नसेल तर दाखवा.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलीसाठी घराजवळच्या प्ले स्कूलने भरपूर फी सांगितली. 'नर्सरीपर्यंत ए टू झेड लिहिता येईल' म्हणतात. घालू का?
– एक बाबा, मनीषनगर

लिहिता येणार हीच त्यांची जाहिरात असेल तर माझं उत्तर नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय ६ वर्षं धरलंय आणि त्याआधीची वर्षं खेळातून शिकायची म्हटलंय. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला हेच करून दाखवलं, शंख-शिंपले, पानं, बिया घेऊन. अडीच वर्षांच्या बोटांना अजून पेन्सिलचा ताण झेपत नाही. कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, गिलासातून गिलासात पाणी ओतू द्या.

दोघंही नोकरीला असाल आणि तिला कुठेतरी ठेवायचंच असेल, तर तेही ठीक आहे, त्यात अपराधी वाटायचं काही नाही. फक्त फी विचारण्याआधी तासभर कोपऱ्यात बसू देता का, ते विचारा. शिकवणारी बाई खाली मुलांजवळ बसते की उभीच असते? बोलतं कोण, ती की मुलं? रडणाऱ्याला कोणी उचललं का? शू लागली तर कोण नेतं? मे महिन्यात त्या खोलीत कूलर चालतो का, प्यायचं पाणी मुलांच्या हाताला येतं का? आणि तासभर बसू द्यायलाच तयार नसतील, तर पुढच्या गल्लीतली शाळा बघा.