राजीनाम्याआधी वर्गात उभे राहा

तुमचा प्रश्न असा: वय ३८, बीई, १४ वर्षं आयटीत, गणित मनापासून आवडतं. आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायचंय, जमलं तर पुढे दुबईला जायचंय. बी.एड. करावं की ऑनलाइन कोर्स पुरे? आणि उशीर तर झाला नाही ना?

मी ११ वर्षं चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात डिझाइनला होते. गेली ९ वर्षं आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ह्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या डिप्लोमाला (आपली अकरावी-बारावी) फिजिक्स शिकवतेय, त्यातली ३ आखातात काढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्सचं नंतर बघू. आधी वर्गात उभे राहा. दर शनिवारी सोसायटीतल्या आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना घेऊन बसा, एखाद्या संस्थेच्या अभ्यासिकेत जा. पण सहा महिने खंड पडू देऊ नका. गणित आवडणं वेगळं आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलाशेजारी रोज बसणं वेगळं. दुसरं आवडतंय का, हे राजीनाम्याआधी कळलं पाहिजे.

नोकरीसाठी घेतलेला माझा पहिला डेमो तास ४० मिनिटांचा होता, न्यूटनचा दुसरा नियम. फळा सुरेख भरला, उदाहरणं चोख होती. तास संपल्यावर कोऑर्डिनेटर बाईंनी आपली वही माझ्यापुढे सरकवली. त्यात त्यांनी मिनिटं मांडली होती: मी ३४, मुलं ६. म्हणाल्या, "तुम्हाला फिजिक्स येतं हे मला सीव्हीवरूनच कळलं होतं. मुलांना काय येतं, हे अख्खा तास बसूनही कळलं नाही." ती नोकरी मिळाली नाही, पण माझं खरं प्रशिक्षण त्या वहीपासून सुरू झालं.

ह्या शाळांचं काम कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. डिप्लोमाच्या फिजिक्समध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचा एक प्रयोग आखून जास्तीत जास्त ३००० शब्दांत मांडावा लागतो. त्याला २० टक्के गुण असतात आणि शिक्षकाने अभिप्राय द्यायचा तो एकाच मसुद्यावर. तोही सुचवायचं, दुरुस्त करून द्यायचं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने माठातलं पाणी किती वेगाने गार होतं हे मोजायला घेतलं. दर १० मिनिटांनी तापमान. जूनचा महिना, आकडे कुठल्या कुठे पसरलेले. मला आलेखाकडे बघताक्षणी कारण दिसलं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. मी एवढंच विचारलं, "हे मोजलंस त्या दिवशी बाहेर काय चाललं होतं?" चार दिवसांनी तो पळत आला: पाऊस पडला त्या दिवशी माठ जेमतेम गार झाला होता! मग त्याने हवेतली आर्द्रता मोजायला सुरुवात केली आणि प्रयोग त्याचा स्वतःचा झाला. ते चार दिवस गप्प बसणं हे ह्या नोकरीतलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर काम आहे. आपल्यासारख्या इंजिनिअरांना तर जास्तच अवघड, कारण बिघाड दिसला की दुरुस्त करायची सवय हातात मुरलेली असते.

आता कागदपत्रं. बी.एड. करा, हे माझं स्पष्ट मत. दोन वर्षं जातात, सीईटी द्यावी लागते, आणि इंजिनिअरिंगवाल्यांना ५५ टक्क्यांची अट आहे. "कॉलेजला न येता करून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. परदेशात पदवी पडताळतात. नोकरी सोडणं शक्यच नसेल तर काही ब्रिटिश विद्यापीठांचा पीजीसीईआय हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स काम सांभाळून करता येतो. इथल्या बऱ्याच आयबी आणि केंब्रिज (ब्रिटिश बोर्डाच्या) शाळा तो मानतात, पण त्याने ब्रिटनमधला शिक्षकाचा दर्जा, म्हणजे क्यूटीएस, मिळत नाही. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीए ह्या सरकारी संस्थेची मान्यता लागते, तेव्हा तिकडे जायचंच असेल तर त्यांचे नियम आधी वाचा आणि मग कोर्स निवडा. आणि एक, तुमची पदवी गणिताची नाही. एम-१, एम-२, एम-३ हे इंजिनिअरिंगच्या गणिताचे पेपर दिसतील अशा सगळ्या सेमिस्टरच्या ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून आत्ताच काढून ठेवा. पदवीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलात असे तिन्ही शिक्के घ्यायला वेळ लागतो.

शाळा निवडताना पाटीवरच्या 'इंटरनॅशनल' शब्दावर जाऊ नका. आत सीबीएसई असू शकतं. आयबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त शाळा शोधता येतात. 'कॅन्डिडेट' लिहिलं असेल तर मान्यता अजून मिळायची आहे.

पैशाचं सरळ सांगते. माझा पहिला पगार आधीच्या निम्म्याहून कमी होता. घराचा हप्ता चालू असेल तर वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच पाऊल उचला. मुलांच्या फीत सवलत देतो असं एका शाळेने मला तोंडी सांगितलं होतं, ऑफर लेटरात ते नव्हतं, आणि मिळालीही नाही. घर, विमानाचं तिकीट, मुलांची फी, सगळं लेखी घ्या. परदेशात 'लोकल हायर' म्हणून, म्हणजे तिथलाच रहिवासी उमेदवार धरून, घेतलं तर ह्यातलं बरंचसं मिळत नाही, हेही विचारून घ्या.

घाई करून थेट दुबईला अर्ज करू नका. बहुतेक चांगल्या शाळा किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात. ती दोन वर्षं पुण्या-मुंबईतच काढा, तीही एकाच शाळेत. ऑगस्टच्या जागांसाठी परदेशातल्या शाळा आदल्या नोव्हेंबरपासून मुलाखती घ्यायला लागतात, त्यामुळे सीव्ही दिवाळीतच तयार हवा.

आणि वयाचं म्हणाल, तर यंदा आमच्याकडे गणिताला रुजू झालेल्या बाई ४४ व्या वर्षी बँक सोडून आल्या आहेत. पहिल्या सत्रात त्या स्वतःचे तास नसताना माझ्या, केमिस्ट्रीच्या, अगदी मराठीच्याही वर्गात मागच्या बाकावर बसायच्या. हातात वही, आणि वहीत दोन रकाने: बाई किती बोलल्या, मुलं किती बोलली.