सापांचे फोटो काढून पोट भरेल का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. रानातल्या सापांचे फोटो काढायचं त्याला वेड लागलंय, पुढेही हेच करायचं म्हणतो. मला त्याच्या जिवाची काळजी वाटते आणि पोटापाण्याचीही. अडवू, की मागतोय ती लेन्स घेऊन देऊ? – एक आई

उत्तर : ताई, पोटापाण्याचं आधी सांगतो. नुसते फोटो विकून घर चालवणारे फार थोडे. पण वन्यजीव सर्वेक्षणं, प्रकल्पांआधीचे पर्यावरण अभ्यास, संग्रहालयं, संशोधन या सगळीकडे साप अचूक ओळखणारा आणि नोंदी नीट ठेवणारा माणूस लागतो. त्यामुळे प्राणिशास्त्राची पदवी, जोडीला संख्याशास्त्र आणि जीआयएस (नकाशावर माहिती मांडण्याचं संगणकी तंत्र), पुढे सरीसृपांचा खास अभ्यास, असा रस्ता धरावा. कॅमेरा त्यात हत्यार म्हणून राहील.

जिवाचा धोका मुख्यतः साप हाताळण्यात आहे. काठीने सरकवणं, हाताने गवत बाजूला करणं, मोबाइल घेऊन वाकणं, इथे घात होतो. बहुतेक साप शरीराच्या एक तृतीयांश ते निम्म्या लांबीपर्यंत झेपावतात. म्हणून सापाच्या पूर्ण लांबीपेक्षा जवळ जायचं नाही, विषारी किंवा अनोळखी असेल तर किमान २ मीटर. मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडली की आणखी मागे. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात. तेव्हा सापाला नीट दिसत नाही आणि तो लवकर बिथरतो, त्याला सोडून द्यावं. घोट्याच्या वरपर्यंत बूट, जाड पँट, रात्री टॉर्च, सोबत एक जण आणि प्रतिविष मिळणारं जवळचं रुग्णालय कुठलं ते ठाऊक, एवढं तरी हवंच. दंश झालाच तर तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही.

लेन्सची निवडही अंतरावरूनच ठरते. ६० मिमी मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणारी लेन्स, फार जवळ ओढते. काही १००–४०० मिमी झूम जेमतेम १ मीटरवरूनही फोकस होतात, त्यामुळे २ मीटरवरून फ्रेम सहज भरते. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, उजेड मऊ करणारा डिफ्यूझर लावलेला फ्लॅश, फोकस डोळ्यावर. दुपारच्या तापल्या उन्हात साप दडून बसतात. सकाळी ऊन खायला बाहेर आलेला किंवा उष्ण, दमट रात्री फिरणारा साप भेटण्याची शक्यता जास्त.

आता फोटो कसला काढायचा ते. जबडा वासलेला एकच क्लोजअप वाहवा मिळवतो, पण ओळख पटवायला बहुधा निरुपयोगी असतो. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत नेहमीची. मण्यारीच्या पाठीवरच्या अगदी मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात. कवड्याचे तसे नसतात. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक, कवड्याचे नेमके उलट. म्हणून पूर्ण शरीर, डोकं वरून आणि बाजूने, शिवाय पाठीचा मधला भाग, असे चार फोटो दुरूनच घ्यावेत. एखादा कोन मिळाला नाही तर मिळाला नाही, साप वळवायचा नाही. सोबत तारीख, वेळ, तापमान, जागा कशी होती आणि साप काय करत होता, हे लिहायचं.

साप टोपलीखाली झाकून वेटोळं घालायला लावणं, फ्रीजमध्ये गार करून सुस्त करणं, छान फांदीवर नेऊन ठेवणं हे प्रकार चालतात. ते क्रूर आहेत. ताणाने साप गिळलेलं भक्ष्य ओकून टाकतो. जमिनीवरचा साप फांदीवर दिसला की जाणकाराला लगेच कळतं, आणि त्या माणसाच्या बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. फोटो टाकताना जीपीएसची माहिती काढून टाकावी, तस्करही ती वाचतात. राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊल नको.

लेन्स आत्ता घेऊ नका. वर्षभर घरात आहे तोच कॅमेरा, एक दुर्बीण आणि वही द्या. सरडे, पाली, बेडूक यांच्यावर फोकस आणि फ्लॅशचा हात बसू दे. वर्षअखेरीस वही भरलेली दिसली तर झूम लेन्स जरूर घ्या. पण त्याच्या फोनमध्ये हातात साप धरलेला एकही व्हिडिओ सापडला, तर लेन्सचा विषय तिथेच थांबवा आणि समोर बसवून बोला.