वर्गातल्या नव्या फळ्याविषयी

पुणे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

येरवड्याच्या महापालिका शाळेत रुजू झालीस आणि पाठोपाठ वर्गात डिजिटल फळाही बसला, हे वाचून आनंद झाला. फळा चालवायला मी तुला काय शिकवणार! पण पटावर एक अल्पदृष्टी मुलगा आणि बांधकामांवरून आलेली चार लमाण मुले आहेत, हे तू जाता जाता लिहिलेस; माझ्या मते पत्राचा मुख्य विषय तोच होता.

माझीच चूक सांगतो. निवृत्तीपूर्वी एका अंध विद्यार्थिनीला मी मोठ्या हौसेने स्वाध्याय टाइप करून पाठवला. दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्या कानाशी धरला, तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरे पुटपुटत होता. मी वापरलेल्या जुन्या फाँटात पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. तेव्हापासून, मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडखेरीज एक ओळही टाइप केली नाही. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर फुकट मिळते. शाळेच्या संगणकावर ते बसवून घे आणि स्वतःचा स्वाध्याय एकदा डोळे मिटून ऐक.

लमाण मुलांची अडचण वेगळी आहे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक मंचावर नेतात, पण तिथली प्रमाण मराठी त्यांच्या घरच्या गोरबोलीपासून फार दूर पडते. म्हणून चित्रफीत सलग लावू नकोस. मध्येच थांबवून, चित्रावर बोट ठेवून 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असे विचार आणि आलेला शब्द मराठी शब्दाशेजारी लिही. फोनवर गृहपाठ देताना मात्र हात आखडता घे, कारण घरातला एकुलता फोन दिवसभर वडिलांच्या खिशात साइटवर असतो आणि रात्री परततो तेव्हा त्यात चार्जिंग उरलेले नसते. चित्रफितीही शाळेतच उतरवून ठेव. वाय-फाय ऐन तासाला रुसते, हे एव्हाना कळले असेलच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, आणि शाळांची माहिती गोळा करणाऱ्या युडायस या सरकारी प्रणालीच्या रकान्यात त्यातल्या एकाची नोंद झाली की काम संपले असे मानणारे सहकारी तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस.

फळ्याची वायर दारासमोर जमिनीवरूनच गेली आहे, असे लिहिलेस. ती आधी भिंतीवरून घ्यायला लाव. तो मुलगा रोज त्याच दाराने वर्गात येतो.

तुझे,
सर