वाढत्या अंगाचे पॅड नकोत! गोलकीपरच्या किटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आईस हॉकीच्या गोलकीपरवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, आणि खरं सांगतो, ठाण्यात हे कोण वाचणार असं मलाच वाटत होतं. पण प्रश्न आले की! माझी ओळख एवढीच की नोकरीपायी अकरा वर्षं टोरांटोकडे काढली, तिथल्या ऑफिसच्या टीमला गोलकीपर मिळत नव्हता म्हणून मला उभा केला (क्रिकेटमध्ये ज्याला बॅटिंग येत नाही त्याला कीपर करतात ना, तसंच), रात्री साडेदहानंतर रिंक स्वस्तात मिळायची तेव्हा खेळायचो, आणि त्या नादात सगळं किट दोनदा चुकीचं आणि एकदा बरोबर विकत घेतलं. त्या दोन चुकांच्या भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, घोडबंदर रोडला आमच्या कॉम्प्लेक्सच्या रिंकवर इनलाइन हॉकी (एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरची) खेळतो, गोलकीपर आहे. ऑगस्टमध्ये आम्ही कॅनडाला शिफ्ट होतोय, तिथे त्याला बर्फावर खेळायचंय. नणंदेने तिकडून येताना कुणाचे तरी वापरलेले लेगपॅड आणलेत, त्यावर ३२+१ लिहिलंय. घालून उभा राहिला की एकदम भारी दिसतो, पण खाली बसला की गुडघा दुखतो म्हणतो. नाटक करतोय का?

नाही हो ताई, नाटक नाहीये. तुमच्याकडे जे झालंय ते आपल्या प्रत्येक घरात होतं, "वाढत्या अंगाचं घेऊन ठेवू, दोन वर्षं जाईल." युनिफॉर्मच्या पँटला खाली दुमड घालता येते, वर्षभराने सोडता येते, पण पॅडला दुमड नसते, आणि पॅडमध्ये उंचीपेक्षा महत्त्वाचं काय तर गुडघा कुठे येतो ते. ३२ म्हणजे पॅडची इंचातली मूळ साइज आणि +१ म्हणजे मांडीच्या बाजूला दिलेली जादा उंची. त्यातही एका कंपनीचं ३२ आणि दुसरीचं ३२ सारखं बसेलच असं नाही, चपलेच्या नंबरसारखंच आहे ते, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका.

आता गोलकीपर खाली बसतो म्हणजे काय करतो, तर दोन्ही गुडघे आतल्या बाजूला टेकवतो आणि पाय बाहेर फाकवतो, याला बटरफ्लाय म्हणतात. तेव्हा पॅड पायाभोवती गोल फिरून त्याचा समोरचा चेहरा शॉट मारणाऱ्याकडे झाला पाहिजे आणि गुडघा पॅडच्या आतल्या बाजूला जो जाड फोमचा ठोकळा असतो त्यावर बरोब्बर टेकला पाहिजे. पॅड लांब असेल तर गुडघा त्या ठोकळ्याच्या खालीच राहतो, अर्धा ठोकळ्यावर अर्धा जमिनीवर, आणि मग प्रत्येक वेळी खाली बसताना गुडघ्याची वाटी आपटते. एका प्रॅक्टिसला मुलगा शंभर वेळा तरी बसत असेल, दुखणारच की.

घरी तपासायचं तर असं करा. आधी त्याला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात, आणि टेपने घोट्याच्या हाडाच्या मध्यापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा. पॅड ज्या कंपनीचे असतील तिच्या साइजच्या तक्त्यात हे माप बघा. पण माझा भरवसा खडूवर जास्त. गुडघ्याला जो आतला नीगार्ड बांधतात त्याच्या समोर साधा रंगीत खडू चांगला जाड घासा, स्केट्स घालून वर पॅड बांधा, खाली जाड सतरंजी किंवा योगा मॅट टाका, आणि दहा वेळा खाली बसायला आणि उठायला लावा, तुम्ही फक्त बघत राहा. मग पॅड सोडून आत बघा डाग कुठे पडलाय. ठोकळ्याच्या मधोमध असेल तर पॅड बरोबर, खालच्या कडेला असेल तर पॅड मोठे, वरच्या कडेला असेल तर लहान झालेत. दहाच्या दहा डाग एकाच जागी आले पाहिजेत, इकडेतिकडे पसरले असतील तर पट्ट्या ढिल्या आहेत किंवा पॅड पायावर घसरतोय.

दुसरं, उभा असताना दोन्ही पॅडचे वरचे भाग मांडीशी एकमेकांवर आदळतात का बघा. आदळत असतील तर त्याला पाय फाकवूनच उभं राहावं लागेल, सरकताना पाय अडकेल. तुम्हाला वाटतंय पॅड मोठा म्हणजे जास्त गोल अडवणार, पण गोल आहे ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, तो दोन इंच जास्तीच्या पॅडने नाही भरत, वेळेवर सरकल्याने भरतो. मी स्वतः उंची ५ फूट ७ असताना ३५+२ घेतले होते, दुकानदार म्हणाला "कव्हरेज मिळेल" आणि मीही मान डोलावली. पुढचा अख्खा सीझन पायऱ्या उतरताना कठडा धरून उतरलो.

अजून एक, पट्ट्या आवळून बांधू नका. आपल्याला क्रिकेटच्या पॅडची सवय, घट्ट बांधला की बरं वाटतं. इथे पॅड फिरायला हवा, त्यामुळे पोटरीच्या पट्ट्या सैलसर आणि बुटाच्या टोकाला बांधतात ती दोरी किंवा इलॅस्टिक चांगलं मोकळं. आणि आणलेले पॅड सोसायटीच्या सिमेंटवर बिलकुल वापरायला देऊ नका, बर्फावर पॅडची आतली कड सरकते, सिमेंटवर ती खरवडून निघते, महिन्याभरात आतला फोम दिसायला लागेल. इनलाइनवाले म्हणूनच पॅडच्या कडेला सरकणारी प्लेट किंवा कव्हर लावतात.

बाकी तुमचे पॅड डागात नापास झाले तर विकून टाका, तिकडे पोचल्यावर वापरलेलेच पण मापाचे घ्या. मुलाच्या समोर घ्या, त्याला दुकानात खाली बसवून घ्या, लाजू नका.

प्रश्न : क्रिकेटचे किपिंग पॅड आणि ग्लोव्ह्ज चालणार नाहीत का? उगाच एवढा खर्च कशाला? (एक बाबा, कोपरी)

बाबा, हसू नका, पण सुरुवात तिथूनच झालीये. १८९० च्या दशकात कॅनडात गोलकीपर क्रिकेटचेच पॅड बांधून उभे राहायचे. पुढे १९२० च्या दशकात हॅमिल्टन गावातल्या पॉप केनेस्की नावाच्या माणसाने ते रुंद केले, वर चामडं आणि आत भराव घातला, आणि तिथून आजचा पॅड निघाला. मग आता का चालत नाही? कारण पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, १५६ ते १७० ग्रॅमची कडक रबराची चकती, तिला कडा असतात आणि ती बॉलसारखी टप्पा खाऊन दम सोडत नाही. किपिंग पॅडला आतल्या बाजूला काहीच नसतं, पोटरी उघडी, गुडघ्याला ठोकळा नाही. सोसायटीत टेनिस बॉलवर खेळताय तर खुशाल वापरा. पकला नको.

प्रश्न : मी नेरुळला कॉलेजला आहे, नवा कॅचिंग ग्लोव्ह (पक झेलायचा) घेतलाय पण तो बंदच होत नाही, पक आत येऊन परत बाहेर पडतो. ग्लोव्ह खराब निघाला का?

खराब नसेल, तुझ्या हाताशी जमत नसेल. ग्लोव्ह दुमडतो त्या घडीला ब्रेक म्हणतात. काही ग्लोव्ह अंगठ्याच्या बुडाशी दुमडतात तर काही बोटांकडे, आणि त्यावर ठरतं की तू तळहाताने बंद करणार की बोटांनी. ज्याचा हात लहान त्याला बोटांकडचा ब्रेक जड जातो. आता घेतलाच आहेस तर आधी नरम कर. आत टेनिस बॉल ठेव, बरोबर घडीवर दुमडून दोरीने बांध, रात्री गादीखाली. दिवसा टीव्ही बघताना उघडझाप करत बस, आई ओरडेल ते वेगळं. काही लोक ओव्हनमध्ये गरम करायला सांगतात, मी नाही सांगणार, आतल्या प्लास्टिकचं काय होईल ते आपण बघायला जाणार नाही. दोन-तीन आठवड्यांनीही एका हाताने, दुसऱ्या हाताची मदत न घेता, पूर्ण बंद होत नसेल तर एक साइज लहान बघ. इंटरमिजिएट (मुलांच्या ज्युनियर आणि मोठ्यांच्या सीनियरच्या मधली साइज) म्हटलं की मुलांना कमीपणा वाटतो, काही कमीपणा नाही, सीनियरच्या पट्टीत हात पोहत असेल तर मनगट पकच्या धक्क्याने मागे जातं.

आणि स्टिक? तू विचारलं नाहीस पण सांगतो. बर्फावर किंवा फरशीवर तुझ्या स्टान्समध्ये उभा राहा, ब्लेड पूर्ण सपाट टेकली पाहिजे. पॅडल, म्हणजे स्टिकचा तो खालचा रुंद भाग, लांब असेल तर तुझा उजवा खांदा वर चढेल किंवा ब्लेडचं टोक उचललं जाईल, आणि त्याच फटीतून गोल जातो. कुणाला तरी सांगून बाजूने फोटो काढ, आरशात कळत नाही.

प्रश्न : जानेवारीत आम्ही चौघं लेहला जातोय, तिथे आठवडाभर हॉकी शिकायची आहे, मला गोलकीपिंग करायचंय. माझ्याकडे प्लेअर स्केट्स आहेत, ते चालतील? हेल्मेट क्रिकेटचं आहे. (खारघरची एक वाचक)

स्केट्सवर आठवडाभर काम चालेल, हेल्मेटवर एक मिनिटही नाही.

गोलकीपरच्या स्केटचं पातं जास्त सपाट असतं, त्यामुळे बर्फावर बूड भक्कम बसतं, प्लेअर स्केटचं पातं पुढेमागे वळलेलं, त्यावर तुम्ही होडीसारख्या डोलाल. शिवाय गोलकीपरच्या बुटाला कडक संरक्षण असतं, पकचे फटके तिथेही बसतात. पण शिकाऊ शॉट असतील तर आठवडा निघेल. बूट तपासताना उभं राहून बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत, टाच हलता कामा नये. थंडी म्हणून दोन-दोन लोकरी मोजे चढवू नका, पाय आत घसरतो आणि रक्त दाबलं गेल्यामुळे उलट जास्त गारठतो.

क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी बॉलसाठी आहे. तिकडे १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये जॅक प्लान्ट या गोलकीपरचं तोंड पकने फुटलं, टाके घालून तो परत आला तो मास्क लावूनच, कोच नको म्हणत असताना. त्या आधीचे बहुतेक दिग्गज उघड्या चेहऱ्याने उभे राहायचे, त्यांच्या शौर्याला माझा लांबून नमस्कार. मास्क भाड्याने किंवा उसना घ्याल तर पट्टे बांधून मान जोरात नाही-नाही हलवा, मास्क डोक्याबरोबरच फिरला पाहिजे. हनुवटी कपात बसली पाहिजे. मग वाकून स्वतःच्या पायाशी बघा, पायाजवळचा पक जाळीच्या गजाआड जात असेल तर तो मास्क तुमचा नाही. आत टॉर्च मारून बारीक तडा शोधा, रंगाखाली लपलेला असतो. गळ्याला कापडी नेकगार्ड हवाच. मास्कला खाली लोंबणारं पारदर्शक प्लास्टिक असतं ते पकसाठी, पात्यासाठी नाही. १९८९ मध्ये बफेलो टीमचा गोलकीपर क्लिंट मलार्चुक याचा गळा स्केटच्या पात्याने कापला होता, वाचला तो नशिबाने आणि ट्रेनरच्या हाताने.

चेस्ट प्रोटेक्टर घातला की तिथल्या तिथे खाली बसा आणि ग्लोव्हचा हात वर करा. प्रोटेक्टर हनुवटीला येऊन टेकला तर मोठा आहे. पुढे वाकल्यावर पाठीमागे पँट आणि त्याच्यामध्ये उघडी चामडी दिसली तर लहान.

आणि विकत घेऊ नका काही, आठवड्यासाठी. लेहला हिवाळ्यात हे सगळं खेळलं जातं, आपल्या महिला टीमने २०२५ च्या आशिया कपात ब्राँझ आणलं, त्यात लडाखच्याच मुली जास्त. गळ्याचं नेकगार्ड आणि आतला नीगार्ड एवढं स्वतःचं न्या, बाकी तिकडे विचारा.

प्रश्न : किटला पावसाळ्यात वास येतो, बुरशी धरते, काय करू? बायको बाल्कनीतही ठेवू देत नाही. (वाशी)

वहिनींचं बरोबर आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं, बॅगेत बंद किट म्हणजे आंबोळीचं पीठ, सकाळी वर येणारच. घरी आल्या आल्या, जेवायच्या आधी, सगळं बाहेर काढून पंख्याखाली पसरा. कडक उन्हात नको, चामडं तडकतं. ग्लोव्हच्या आत सुका कागद कोंबा. चेस्ट प्रोटेक्टर हँगरला उभा लटकवा, दुमडून ठेवलात तर घडीत पहिली बुरशी धरते. स्केट्सची पाती फडक्याने पुसून थोडं तेल लावा, आणि पात्यांवरची प्लास्टिकची कव्हरं घरी काढून ठेवा, आत ओल राहून एका रात्रीत गंज चढतो. बुरशी आधीच धरली असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, आधी एका कोपऱ्यावर करून बघा रंग जातो का.

आणि ती बॅग लोकलने नेत असाल तर लगेजच्या डब्यातून. मी एकदा सकाळी सव्वानऊला ठाण्याला जनरलच्या डब्यात चढवली होती, मुलुंडला उतरावं लागलं.