इंटरनेट एक दिवस पूर्ण बंद पडलं तर आपलं काय होईल?

दिवसभराचं सोडा हो, काही तास नुसतं यूपीआय अडकलं तरी काय होतं ते मी गल्ल्यावर बसून बघितलंय. मारुतीच्या देवळासमोर आपलं दुकान आहे, नारळ, तेल, रुईच्या माळा, पेढे. १२ एप्रिल २०२५, शनिवार आणि त्यात हनुमान जयंती, म्हणजे आमची दिवाळीच. ऐन गर्दीत सगळ्यांच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरायला लागलं, स्पीकर गप्प. एका बाईंचे खात्यातून कटले पण माझ्याकडे आलेच नाहीत, त्या म्हणतात दिले, मी म्हणतो आले नाहीत, मागे रांग, आणि एक जण तर नारळ फोडून, प्रसाद वाटून झाल्यावर सांगायला आला की पैसे जात नाहीयेत. गंमत म्हणजे नेट चालू होतं! रांगेतली पोरं रील बघत होती.

नंतर वाचलं की 'पेमेंट झालं का' असं बँकांच्या सिस्टीम सारखं सारखं विचारत होत्या, त्या विचारण्यानंच सगळं जाम झालं. त्याच वर्षी ऑगस्टपासून बॅलन्स बघायलासुद्धा एका ॲपवर दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली.

मी सरळ उधारीची वही काढली. नाव, गाव, रक्कम. बहुतेकांनी नंतर आणूनही दिले. आमचे साडू पुण्याला आयटीत, दरवेळी ही वही बघून म्हणणार, "काय साडूभाऊ, म्युझियमला द्या आता." त्या दिवशी साहेब दुकानातच होते, पाकीट घरी. त्यांच्या तेलाचे पैसे पण वहीतच मांडले, ठळक अक्षरात. बायको म्हणते किती दिवस सांगत फिरणार. फिरणारच.

आता तुमचा प्रश्न. जिथे कागदावर काम करणारा माणूस शिल्लक आहे तिथे निभेल. १९ जुलै २०२४ ला जगभर कॉम्प्युटर बसले तेव्हा आपल्या विमानतळांवर हातानं लिहून बोर्डिंग पास दिलेच की. बाकी रेशन असो नाहीतर सातबारा, 'सर्व्हर डाऊन' ऐकायचं आणि घरी यायचं.

मी काही नेटच्या विरोधात नाही हां, होलसेलवाल्याला मीही मोबाईलवरूनच पाठवतो. पण खिशात थोडी रोकड ठेवा, आणि सुट्टी ठेवा, एका नारळाला पाचशेची नोट काढू नका.